माणूस आपला, कागद दुसऱ्याचा

माझ्या बायकोचा असा समज होता की तिला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी ती तो समज घेऊनच गेली. मी तो दुरुस्त केला नाही. मुलाला सांगितलं नाही, मित्रांना नाही, ज्या डॉक्टरला मी पोटातला वायूसुद्धा तपशीलवार सांगतो त्यालाही नाही. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. कदाचित म्हणूनच जमेल — नाही, हेही खरं नाही. जमेल, कारण मी ठरवलं आहे.

मी देवधर. वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कर्वेनगर. पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली अठरा पर्सोनेल ऑफिसर म्हणून. कारखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर दोष तिकडे सरकेल, आणि मला तो सरकू द्यायचा नाही.

सुरुवात कुठून करू? नातीपासून करतो.

माझी नात इरा एका कंपनीत आहे. त्या कंपनीचं काम मला नीट समजायला दोन रविवार लागले. परदेशातल्या कंपन्यांना इथली माणसं कामाला हवी असतात, पण इथं ऑफिस थाटायचं नसतं. मग माणूस ते निवडतात, काम ते सांगतात, आणि नोकरी देणारी कंपनी म्हणून कागदावर इराची कंपनी असते. नेहमीच्या स्टाफिंग एजन्सीपेक्षा हे वेगळं आहे, कारण एजन्सी माणसं स्वतः शोधून पाठवते. हा फरक ग्राहकांना पटवण्यासाठी इरा एक तक्ता करत होती. तो लॅपटॉप तिनं माझ्यासमोर ठेवला.

"आजोबा, तुम्ही एचआरला होतात ना? जरा वाचा. झोप आली तर झोपा, पण मग फीडबॅक पण तोच समजेन."

वाचला. तीन रकाने होते. थेट नोकरी, स्टाफिंग, आणि तिसरा तो कागदावरच्या मालकाचा. माझी झोप उडाली. हा तक्ता मी पाहिलेला होता. पाहिलेला कसला — केलेला होता, तीस-एकतीस वर्षांपूर्वी, फूटपट्टीनं रेघा मारून.

मी तिला विचारलं, "आणि त्या माणसाला कुणी विचारलं, बाबा रे, तू नोकर कुणाचा — तर तो काय सांगतो?"

"ऑफर लेटरवर लिहिलेलं असतं, आजोबा. जॉइन व्हायच्या आधीच सांगतो आम्ही. क्लिअर असतं सगळं."

असेल. तिच्यावर माझा विश्वास आहे. आधी सांगत असतील तर त्यांच्या तक्त्यात मला काही वावगं दिसत नाही. माझ्याही तक्त्यात तसं पाप नव्हतं. पाप तक्त्यात नसतंच — ते रकान्यात माणसं भरताना होतं.

माझा तक्ता असा होता. कारखान्याला ऑर्डरी वाढल्या होत्या, माणसं हवी होती, आणि कायम माणसं घ्यायची नव्हती. मोठ्या साहेबांनी मला पर्याय मांडायला सांगितले. पहिल्या रकान्यात मी कायम कामगार लिहिले: काम उत्तम, पण एकदा घेतला की निवृत्तीपर्यंत आपला. दुसऱ्यात कंत्राटदारानं पाठवलेली माणसं: आज हा, उद्या तो. झाडलोट, माल चढवणं-उतरवणं यांना ठीक, पण ग्राइंडिंगवर रोज नवा माणूस आला तर माल भंगारात जातो. तिसऱ्यात लिहिलं: माणूस आपण निवडायचा, आपण शिकवायचा, काम आपण द्यायचं, फक्त नेमणुकीचं पत्र आणि पगाराची स्लिप एजन्सीची. त्याखाली माझं एक वाक्य होतं. 'माणूस आपला, कागद दुसऱ्याचा.' साहेबांनी त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढली. मी घरी येऊन ते वाक्य बायकोला ऐकवलं. तिनंही कौतुक केलं.

त्या तिसऱ्या रकान्यात आम्ही नवी माणसं घातली नाहीत. होती तीच उचलून घातली. बारा माणसं. त्यातला एक मिलिंद साळवे.

मिलिंद मांजरीचा. आयटीआय करून आला तेव्हा मुलाखत मीच घेतली होती. चौदा नंबरच्या ग्राइंडिंग मशीनवर त्याला पाच वर्षं झाली होती, तरी तो तात्पुरताच होता. सात महिने काम, काही दिवस घरी, पुन्हा नवं पत्र — असा ब्रेक आम्ही सगळ्या तात्पुरत्यांना द्यायचो, म्हणजे कुणी कायमचा हक्क सांगू नये. हाताला मात्र तो असा होता की दगड — आम्ही ग्राइंडिंगच्या चाकाला दगड म्हणायचो — नगाला टेकल्याचा आवाज ऐकून किती माल निघाला ते सांगायचा. जुने कायम कामगार त्याला चिडवायचे, "ए कानसेन, मोजमाप तरी घे रे, इन्स्पेक्टरला काम राहू दे!"

बाराही जणांना मी केबिनमध्ये बोलावलं. समोर इंग्रजीत टाइप केलेला राजीनामा आणि एजन्सीचा अर्ज. मी म्हटलं, फक्त कागद बदलतोय. काम तेच, मशीन तेच, शिफ्ट तीच. मिलिंदनं पेन उघडलं आणि विचारलं, "साहेब, उद्या काही झालं तर?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

त्यानं सही केली. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून केली.

तुम्हाला वाटेल हीच ती गोष्ट. नाही. ही नुसती फसवणूक झाली, आणि असली फसवणूक त्या काळात पुष्कळांनी केली. असं म्हणून मी स्वतःला वर्षानुवर्षं झोपवत आलो. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

चार वर्षं तसंच चाललं. मिलिंद चौदा नंबरवर, पगाराची स्लिप एजन्सीची. मग नवी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली, आणि एके दिवशी एजन्सीनं बारा जणांना कळवलं की उद्यापासून येऊ नका. ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, तुम्ही आमचे नाही, एजन्सीला विचारा. 'मी आहे ना' म्हणणारा मीच होतो, आणि केबिनही तीच होती.

ते कामगार न्यायालयात गेले. अकरा जण हळूहळू तडजोड करून बाहेर पडले. मिलिंद राहिला. त्याचं म्हणणं एकच होतं — एजन्सी नावाला आहे, मी माणूस कारखान्याचा आहे, आणि हे मी खरं सांगतोय. सिद्ध करायला त्याच्याकडे काय होतं? हजेरीपट एजन्सीचा. पत्र एजन्सीचं. कागद इतके चोख होते की त्यात सुई शिरायला जागा नव्हती. चोख ठेवणारा मी.

पण एक कागद माझ्या हातून राहून गेला होता, कारण तो कागद आहे हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खंडेनवमीची यादी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मशीनची पूजा व्हायची. कामगार बायकामुलांना घेऊन यायचे. पोरं वडिलांचं मशीन बघायची, बायका नटूनथटून फिरायच्या, ज्यांना वर्षभर 'शॉप' म्हणजे काय ते कळलं नव्हतं त्यांना त्या दिवशी कळायचं. कोण कुठल्या मशीनची पूजा करणार, किती नारळ लागणार, घरची किती माणसं येणार, याची यादी दर वर्षी मी स्वतःच्या हातानं करायचो. त्या यादीत कायम, तात्पुरता, एजन्सीचा असा भेद मी कधी केला नाही. मनात आलंच नाही. मशीनपुढे ज्याचं मशीन तोच उभा राहणार — दुसरं कोण? तीनशे चौसष्ट दिवस मी कागदावर मिलिंदला परका ठरवत होतो, आणि एका दिवशी माझ्याच अक्षरात लिहीत होतो: चौदा — साळवे.

आणि त्या यादीत त्याच्या नावापुढे आणखी एक गोष्ट असायची. पहिल्याच वर्षी तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, "साहेब, आम्ही बौद्ध. नारळ-कुंकू आमच्यात नसतं. पण मशीन मी धुऊनपुसून ठेवतो, फुलं वाहतो. चालंल का?" मी म्हटलं, अगदी चालेल. आणि नारळाच्या रकान्यात लिहिलं: 'नको — फुलं.' दर वर्षी लिहीत गेलो. त्याचं मशीन सगळ्यांत लखलखीत असायचं. त्याची बायको शालन, धाकटी मुलगी कडेवर घेऊन, चौदा नंबरपुढे उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ह्ये आमचं." मला स्वतःचा अभिमान वाटायचा. माझा मोठेपणा मी घरी जेवताना सांगत असे.

मिलिंदला यादी आठवली. त्याच्या वकिलानं न्यायालयात मागणी केली: एजन्सीच्या त्या चार वर्षांतल्या खंडेनवमीच्या याद्या हजर करा.

आमच्या वकिलांनी मला बोलावून घेतलं. वयस्क, सभ्य गृहस्थ. त्यांनी विचारलं ते असं: "अशी काही यादी नसेलच. हो ना, देवधर?"

मी म्हटलं, बघतो.

याद्या माझ्याच कपाटात होत्या. चारही. डब्याच्या पिशवीत घालून मी त्या घरी आणल्या. तेव्हा आमच्याकडे पाणी तापवायचा बंब होता — गिझरचं पाणी अंगाला लागत नाही, असं बायकोचं मत. साक्षीच्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो, बंब मी पेटवतो म्हणालो, आणि चार याद्या एकेक करून आत घातल्या. बायको म्हणाली, "आज काय सूर्य पश्चिमेला?" त्या पाण्यानं मी आंघोळ केली आणि शिवाजीनगरला कोर्टात गेलो.

शपथ घेतली. मिलिंदच्या वकिलानं विचारलं, अशी यादी होते का? मी म्हटलं, नाही, असली यादी ठेवण्याची पद्धत नाही. तो म्हणाला, माझे अशील दर वर्षी मशीनपुढे उभे राहत, त्यांचं नाव तुमच्या हस्ताक्षरात असे, हे खोटं आहे का? मी म्हटलं, खोटं आहे.

इथं थांबलो असतो तरी काम झालं होतं. मी थांबलो नाही. मी मान वर केली आणि म्हणालो — "साहेब, हे बौद्ध आहेत. यांच्यात मशीनची पूजा करत नाहीत. मग पूजेच्या यादीत यांचं नाव येईलच कसं?"

न्यायाधीशांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मिलिंद मागच्या बाकावर होता. तो उठून उभा राहिला. त्याच्या वकिलानं बाही धरून त्याला खाली बसवलं.

निकाल कारखान्याच्या बाजूनं लागला. त्यात एक वाक्य होतं: अर्जदाराचं यादीबद्दलचं कथन त्याच्याच धर्माचरणाशी विसंगत असून विश्वासार्ह वाटत नाही. ते वाक्य न्यायाधीशांच्या सहीनं निघालं, पण त्यातला मजकूर माझा होता. एका माणसानं स्वतःच्या श्रद्धेला धरून नम्रपणे मागितलेली सवलत मी दिली, आणि तीच त्याच्या गळ्याला लावली. कोर्टात गेलेला, वर खोटं बोललेला, म्हणून त्याला पुन्हा कुठल्या कारखान्यानं दारात उभं केलं नाही. हे मला कळत होतं. माझ्या कानावर येत होतं. मी काय केलं? नोकरीची उरलेली वर्षं पूर्ण केली. निवृत्तीच्या दिवशी हार घातला त्यांनी मला. भाषणात कुणीतरी म्हणालं, देवधर साहेब म्हणजे माणसं जोडणारा माणूस. मी हात जोडले.

इराच्या तक्त्यानंतर आठ दिवसांनी मी मांजरीला गेलो. मिलिंदचा पत्ता एका जुन्या कामगाराकडून मिळाला. उसाच्या शेतांना लागून आता उंच इमारती झाल्या आहेत. त्यांच्या मागच्या गल्लीत एका पत्र्याच्या शेडमध्ये तो जुन्या मशीनवर ग्राइंडिंगची कामं करतो. केस पांढरे झालेत. शालनबाई बाहेर खुर्चीवर शेंगा सोलत होत्या. त्यानं मला पाहिलं, मशीन बंद केलं, हात पुसले.

"कोण, देवधर साहेब? अजून हाय का तुम्ही?"

मी म्हटलं, आहे. चपला दाराशी काढल्या, पण बसलो नाही. उभ्यानं सगळं सांगितलं — राजीनामा, यादी, बंब. तो ऐकत होता. शालनबाईंचे हात थांबले होते. माझं झालं तेव्हा त्यानं हातातलं फडकं मशीनवर ठेवलं. मग म्हणाला, "यादीचं मला ठावं व्हतं. तुमच्या हातचं अक्षर मी नऊ वर्षं बघितलंय. यादीचं सोडा." मग विचारलं, "ते दुसरं. आम्ही बौद्ध, आमचं नाव येईलच कसं — ते तुम्हाला वकिलानं बोलायला लावलं, व्हय ना?"

मी शालनबाईंकडे पाहिलं.

"म्हंजी मी हिला तेच सांगत आलोय. पोरींना बी. साहेब तसा नव्हता. पहिल्या वर्षी फुलं चालतील म्हणाला, तो माणूस असलं बोलंलच कसं? वकिलानं पढवलं आसंल."

तेव्हा मला कळलं की पंचवीस वर्षं माझी बाजू कुणी तरी मांडत होतं — आणि तो कोण होता.

वकील केव्हाच वारले आहेत. 'हो' म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? त्याला बरं वाटलं असतं. मलाही. खरं सांगतो, 'हो' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. आणि वर त्याला दया म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, "नाही. वकिलांनी फक्त यादी नाही म्हणायला सांगितलं. ते वाक्य माझं. मला कुणी सुचवलं नव्हतं. तिथं उभ्या उभ्या सुचलं, आणि सुचल्याचा मला आनंद झाला होता."

शेवटचं बोलायची गरज होती का? होती. ते खरं होतं.

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. माप चुकलेल्या नगाकडे तो बघायचा, तसं. मग म्हणाला, "बरं. सांगितलंत. निघा आता."

शालनबाई म्हणाल्या, "चपला त्या तिकडं सारल्यात."

मी निघालो. पाठीमागे मशीन सुरू झालं.

दुसऱ्याच दिवशी एका वकिलाकडे गेलो. तरुण आहे, स्वच्छ बोलतो. म्हणाला, इतक्या वर्षांनी त्या निकालाचं काही होईल असं मी सांगू शकत नाही. पण तुम्ही शपथेवर खोटं बोललात हे लिहून देताय, त्यात अडकलात तर तुम्हीच अडकाल. मी म्हटलं, त्याचसाठी आलो आहे, लिहा. मुलगा म्हणाला, बाबा, या वयात कशाला? इरा माझ्यासोबत रिक्षात बसली, एवढंच.

प्रतिज्ञापत्र टाइप झालं. नऊ कलमं. राजीनामे मी घेतले, काम मी नेमून देत होतो, याद्या मी केल्या, त्या मी जाळल्या, मिलिंद साळवे खरं बोलत होते. एक प्रत त्यांना जाईल, एक न्यायालयात, एक कारखान्याला. साळव्यांनी ती वाचावी, फाडावी, चुलीत घालावी — तो त्यांचा प्रश्न आहे.

सही करण्याआधी वकिलानं सातव्या कलमावर बोट ठेवलं. त्यात लिहिलं आहे की धर्माबद्दलचं ते वाक्य मला कोणीही सांगितलेलं नव्हतं, ते मी स्वतःच्या मनानं बोललो. तो म्हणाला, "काका, हे काढू या का? केसच्या दृष्टीनं याची काही गरज नाही."

मी म्हटलं, "बाकीची आठ काढलीत तरी चालेल. हे ठेवा."